सरकारी वकिलाची सासू

आई,

काल तुमची तेरवी झाली. पंगत अगदी तुमच्या मनासारखी झाली असं कमल म्हणते. म्हणजे भात थोडा कच्चा राहिला आणि त्यावरून दोन बायकांचं भांडण झालं. उमरेडची सगळी माणसं आली होती. पण ती बुचकळ्यात पडली ती दुसऱ्याच पाहुण्यांमुळे. सेशन कोर्टाचा पट्टेवाला गणपत, दोन हवालदार, कोर्टाच्या कँटीनचा मालक आणि जन्मभर माझ्याविरुद्ध उभे राहिलेले दोन वकील, असे सगळे ओळीनं पाटावर बसले होते. तुमच्या धाकट्या दिरांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "जवाईबापू, वहिनीवर काही केस चालू होती काय?"

मी नाही म्हणालो. हसू आलं, ते आवरायला मागच्या न्हाणीत गेलो आणि तिथं हसण्याचं रडूच झालं. चांगलं अर्धी बादली पाणी तोंडावर मारून बाहेर आलो.

तुम्ही आमच्याकडे आलात त्या आठ दिवसांसाठी. मुलीच्या घरी फार दिवस राहू नये, असं दारात चप्पल काढताना तुम्हीच म्हणाला होतात. कमलचे बाबा गेले, उमरेडच्या घरातले माग विकले गेले, खटखट बंद झाली आणि त्या शांततेत तुम्हाला झोप लागेना. नागपुरात सक्करदऱ्याला आमच्या दोन खोल्या. कमल शाळेत शिकवायला जायची, मी कोर्टात. तुम्ही दुपारभर खिडकीत बसून रस्त्यावरच्या माणसांना नावं ठेवायचात. त्यातच एकदा मी जेवणाचा डबा घरी विसरलो. तो घेऊन तुम्ही विचारत विचारत कोर्टात आलात. आत एका मारामारीच्या खटल्यात मी साक्षीदाराला प्रश्न विचारत होतो. तुम्ही डबा छातीशी धरून दारात उभ्या राहिलात, ते कोर्ट उठेपर्यंत. मी त्या दिवशी उपाशी राहिलो.

संध्याकाळी तुम्ही म्हणालात, "कीर्तनापेक्षा बरं आहे बापा. कीर्तनात शेवट अगोदरच ठाऊक राह्यते."

दुसऱ्या दिवशी निघताना डबा सापडेना. तिसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं माझं वय झालं. मग कमलला तो तांदळाच्या पिंपात सापडला, झाकणावर कापड टाकून नीट झाकलेला. तेव्हापासून आम्ही तो लपवाछपवीचा खेळ थांबवला आणि डबा आणण्याचं काम रीतसर तुमच्याकडे दिलं. गणपतनं तुमच्यासाठी तिसऱ्या बाकाची कडेची जागा राखून ठेवायला सुरुवात केली. तुम्ही सुपारी कातरायला लागलात की न्यायाधीश वर पाहायचे आणि तुम्ही अडकित्ता पदराखाली घ्यायचात. एवढी एक गोष्ट सोडली तर तुम्ही कोर्टाचा अवमान कधी केला नाही.

निकाल मात्र रात्रीच्या जेवणाला लागायचा. तुमच्या न्यायालयात शिक्षा एकच होती.

"त्या सायकलचोराचं काय झालं?"

"तीन महिने."

"फाशी पायजे होती."

"आई, सायकलीसाठी?"

"सायकल कोनाची होती? पोस्टमनची. कितीक लोकाइच्या चिठ्ठ्या लटकल्या असतीन." मग भाकरी मोडत, जरा विचार करून, "बरं, कोंबडीचोराले सोडा. त्याची बायको पोटुशी आहे."

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेत होतो. मग त्या बांधकामावरच्या बाईचा खटला आला. गुत्तेदारानं तिच्यावर बळजबरी केली होती. ती तीन वेळा कोर्टात येऊन उभी राहिली, तीन वेळा तिला तेच तेच विचारलं गेलं आणि गुत्तेदार सुटला. न्यायाधीशांनी त्याला संशयाचा फायदा दिला होता. संध्याकाळी घराचं कुलूप उघडताना तुम्ही म्हणालात, "फायदा त्याले अन् संशय तिच्यावर. हे कोनतं गणित आहे तुमचं?"

शिक्षा मात्र मला झाली. पुढं आठवडाभर माझ्या ताटात बिनफोडणीचं वरण आलं. कमलच्या ताटात सावजी रस्सा आणि माझ्या ताटात ते पिवळं पाणी. सरकार पक्ष हरला होता आणि त्या घरात सरकार मीच होतो.

आपला वाद तिथून सुरू झाला तो शेवटपर्यंत चालला. तुम्हाला अशा प्रत्येक माणसाला फाशी हवी होती, चौकात, कस्तुरचंद पार्कवर मांडव घालून. मी म्हणायचो, आई, शिक्षेला पायऱ्या असाव्या लागतात. जसा गुन्हा तशी शिक्षा. वाईटाला मोठी, त्याहून वाईटाला त्याहून मोठी. सरसकट फाशी ठेवली तर तो विचार करील, तशीही फाशी आणि अशीही फाशी, मग साक्ष द्यायला पोरीला जिवंत कशाला ठेवू? शिवाय हातात दोर असला की न्यायाधीशाचा हात कापतो, तो बारीकसारीक शंका काढून सोडून देतो. शिक्षा लहान असली तरी चालेल, ती चुकत नाही हे लोकांना कळलं पाहिजे.

तुम्ही शांतपणे ऐकून घ्यायचात. मग म्हणायचात, "हे तुमच्या पायऱ्या कोनी वाचते का? रस्त्यानं पोरीच्या मागं लागनारा कलम वाचून मागं लागते का?"

"मग तो फाशीचं कलम तरी कुठं वाचणार आहे?"

"फाशी वाचा लागत नाही जवाईबापू. ऐकू येते."

यावर मी दोन दिवस विचार केला होता, हे तुम्हाला कधी कळू दिलं नाही.

त्याच सुमारास कायदा बदलावा म्हणून गावोगाव बायकांचे मोर्चे निघत होते. नागपुरातही निघाला. कमल शाळेतल्या बाईंबरोबर गेली आणि तुम्ही कमलबरोबर. तुमच्या हातात दिलेला फलक तुम्ही मॉरिस कॉलेजपासून कलेक्टर कचेरीपर्यंत उलटा धरून नेलात. ते एक वेळ चाललं असतं. पण पुढच्या बायका "कडक शिक्षा झालीच पाहिजे" म्हणत होत्या आणि तुमच्या आसपास "फाशी झालीच पायजे" सुरू झालं. थोड्या वेळात मोर्चाचा पुढचा भाग एक मागत होता आणि मागचा दुसरं. शेवटी मोर्चाच्या पुढारी बाई धावत मागं आल्या.

"आजी, आपली मागणी किमान शिक्षेची आहे."

"किमान म्हंजे?"

"म्हणजे कमीत कमी."

"बरं," तुम्ही म्हणालात. "मग कमीत कमी फाशी."

कमलनं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तुम्ही मात्र गंभीर होतात. हसण्यासारखं काय आहे, असं तुमचं म्हणणं होतं, आणि ते खरंच होतं.

आणि मग मंदाचा खटला उभा राहिला.

रामटेकच्या पलीकडच्या एका खेड्यातली ही मुलगी, विशीतली. धानाच्या रोवणीसाठी मोठ्या बहिणीकडे राहायला गेली आणि बहिणीच्या नवऱ्यानं, तिच्या सख्ख्या भाऊजीनं, तिच्यावर अत्याचार केला. तिच्या आईनं फिर्याद दिली. कागदावर खटला चांगला होता. पण साक्षीच्या आदल्या आठवड्यात मी मंदाला भेटलो तेव्हा ती जमिनीकडे पाहत राहिली. गेल्या वेळी पोलिसांना जे सांगितलं ते आता तिला आठवत नव्हतं. असे साक्षीदार मी पुष्कळ पाहिले होते. ती फिरणार, हे मला कळलं. का फिरणार, ते कळलं नाही. मला वाटलं, पैसे दिले असतील किंवा दम भरला असेल.

साक्षीच्या दिवशी न्यायाधीशांनी दारं बंद करून साक्ष घ्यायचं ठरवलं. गणपतनं सगळ्यांना बाहेर काढलं. तुम्ही जागच्या हलला नाहीत.

"बाई, तुम्हीही बाहेर चला," न्यायाधीश म्हणाले.

"मी काही परकी नाही साहेब."

"तुम्ही कोण?"

"सरकारी वकिलाची सासू."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी फाइलीत तोंड घातलं. "मग तर तुम्ही अगोदर बाहेर जा," ते म्हणाले. तुम्ही डबा उचललात आणि इतक्या तोऱ्यात बाहेर गेलात की जणू कोर्टालाच बाहेर काढलं होतं.

त्यानंतर आरोपीच्या वकिलांनी कुठलासा अर्ज काढला, त्यावर युक्तिवाद झाला आणि साक्ष जेवणाच्या सुट्टीनंतर सुरू करायचं ठरलं. बाहेर व्हरांड्यात मंदा एका टोकाला बसली होती. तिच्या आईला गावाकडून निघायला उशीर झाला होता, ती अजून पोचली नव्हती. सोबत आलेली पोलीस बाई चहाला गेली होती. आणि तुम्ही बाकाच्या दुसऱ्या टोकाला, मांडीवर माझा डबा घेऊन.

तिथं काय झालं ते मला संध्याकाळी तुमच्याकडून कळलं. पोरीचं तोंड सुकलेलं पाहून तुम्ही तिला विचारलंत, "जेवली का वं?" ती नाही म्हणाली. तुम्ही माझा डबा उघडलात. दोन घास खाल्ल्यावर ती रडायला लागली आणि म्हणाली, "आजी, त्याले फाशी होईन का?"

गावात सगळे तिला तेच सांगत होते. पेपरात येऊन राहिलं, बायका मोर्चे काढून राहिल्या, आता अशा माणसाला फाशीच होते. तू बोलली की तुझ्या बहिणीचं कुंकू पुसलं म्हणून समज. तिची तीन लेकरं तुझ्या नावानं रडतील. बहीण तर काहीच बोलत नव्हती, नुसती हिच्याकडे पाहत होती. म्हणून मंदानं ठरवलं होतं, आत जाऊन सांगायचं की काही झालंच नाही.

मला त्या क्षणी तिथं असायला हवं होतं, आई. कस्तुरचंद पार्कवर मांडव घालणारी, कोंबडीचोराशिवाय कोणालाही न सोडणारी माझी सासू त्या मुलीला काय म्हणाली?

"फाशी नाही होत वं. कोन सांगते? दोन-चार वर्सं बसन आत अन् येईन बाहेर. मी रोज इथं येतो, मले ठाऊक आहे. तू जे झालं ते सांग."

साक्ष सुरू झाली. मंदा उभी राहिली, कठड्याला दोन्ही हातांनी धरलं आणि बोलली. सगळं बोलली. माझ्या पुढच्या प्रश्नाची वाटही तिनं पाहिली नाही. आरोपीच्या वकिलांना हे अपेक्षित नव्हतं. त्यांनी उलटतपासणीत नेमकं बोट ठेवलं.

"बाहेर तुझ्याशी कोण बोललं?"

"एक आजी."

ती आजी कोण, हे मला लगेच कळलं. सरकारी वकिलाची सासू साक्षीदाराला पढवते, हा ओरडा झाला असता तर खटला तर गेलाच असता, वर माझी सनदही धोक्यात आली असती.

"काय म्हणाली ती आजी?"

मंदानं आठवून, अगदी प्रामाणिकपणे सांगितलं, "म्हनाल्या, वांग्यात तिखट कमी वाटन तुले. जवाईबापूचं पोट बिघडलं आहे, तीन दिवस झाले, म्हनून मीच कमी टाकलं."

न्यायाधीशांनी रुमाल काढून तोंड पुसलं. कारकुनानं विचारलं, "साहेब, हे लिहायचं का?" न्यायाधीश म्हणाले, "लिहा. साक्षीदार शपथेवर बोलते आहे."

"आणखी काय म्हणाली?"

"म्हनाल्या, जे झालं ते सांग."

वकील खाली बसले. माझं पोट त्या खटल्याच्या कागदांत कायमचं नोंदलं गेलं आणि मंदाचा भाऊजी चार वर्षांसाठी तुरुंगात गेला.

त्या संध्याकाळी मी तुमच्यावर रागावलो. साक्षीदाराशी बोलायचं नसतं, हा साधा नियम आहे, म्हणालो. तुम्ही म्हणालात, "मी कुठी बोलली? मी जेऊ घातलं. बोलली ती." मग मी जरा फुशारकीनं विचारलं, "आता पटलं का? फाशी नाही म्हणालात, म्हणून ती बोलली." तुम्ही उठून भांडी घासायला लागलात, आणि ती इतक्या जोरात घासलीत की पुढचं काही ऐकू आलं नाही.

मला वाटलं, वाद मी जिंकला. पण तसं झालं नाही.

मंदाला तुम्ही गावी परत जाऊ दिलं नाही. कमलच्या ओळखीनं मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकघरात तिला काम मिळालं. दर रविवारी ती आपल्याकडे यायची आणि तुमच्याशी तिखटावरून भांडायची. मध्ये कायदा बदलला, किमान शिक्षा सात वर्षं झाली, मी पेपर वाचून दाखवला. तुम्ही म्हणालात, "चढलं सरकार एक पायरी. धापा लागल्या असतीन." पण मंदाचा भाऊजी जुन्या कायद्यातला. चांगल्या वागणुकीची सूट मिळून तो चार वर्षांच्याही आधी सुटला. एका रविवारी मंदा आली ती दारातच बसली. बहिणीचा निरोप आला होता, तो गावात परतला आहे म्हणून. वसतिगृहाच्या फाटकाशी उभ्या असलेल्या प्रत्येक माणसात तिला तोच दिसायला लागला होता.

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "पाहा तुमची पायरी," एवढंच म्हणालात.

दुसऱ्याच दिवशी मंदा, तुम्ही आणि मी रामटेकच्या एसटीत बसलो. मला कशासाठी नेलं होतं ते मला ठाऊक नव्हतं. तुम्ही कंडक्टरला सांगितलंत, "हे सरकारी वकील आहेत." कंडक्टरनं मला पुढची जागा दिली, ती चाकावरची निघाली आणि मनसरपर्यंत माझी हाडं खिळखिळी झाली.

मंदाच्या बहिणीच्या घरी पोचलो तर ती, शांता, दारात धान पाखडत होती. मंदाला पाहून तिचं सूप थांबलं. मग शांता म्हणाली, "मी घेतलं नाही त्याले घरात. त्याच्या भावाकडं पडून राह्यते. शेती मीच करून राहिली, पोट्टे मोठे होऊन राहिले. तू ये न वं घरात, उभी काहून?"

सासू, जाऊ, दीर, सगळ्या गावानं समजावूनही त्या बाईनं दार उघडलं नव्हतं. मंदा आत गेली. आतून दोघींचं रडणं एकदम ऐकू आलं. तुम्ही मला म्हणालात, "चला."

गावाच्या टोकाला, त्याच्या भावाच्या ओट्यावर तो बसला होता. वाळलेला, खोकणारा, लुंगीतला माणूस. तुम्ही त्याच्यासमोर उभ्या राहिलात. मला वाटलं, आता ज्वालामुखी फुटणार.

"वळखलं का मले?"

त्यानं मान हलवली. नाही.

"मी सरकारी वकिलाची सासू. हे माझे जवाई. हे लोकाइले फाशी देतात." मी चमकून पाहिलं. जन्मभरात मी एकालाही फाशी दिली नव्हती. "पोरीच्या वाटेले गेला, शांताच्या दारापाशी दिसला, त मी याइले सांगीन." आणि तुम्ही वळलात. मीही मान ताठ करून, जमेल तितका भयंकर चेहरा करून तुमच्यामागं निघालो. वळताना एका शेळीच्या दोरीत पाय अडकून पडता पडता वाचलो. तुम्ही मागं न पाहता म्हणालात, "नीट चाला. तो पाहून राहिला."

परतीच्या एसटीत तुम्ही खिडकीबाहेर पाहत होतात. कामठी आली तेव्हा बोललात.

"फाशीच पायजे होती त्याले."

"आई, फाशी असती तर मंदा बोलली असती?"

"नसती बोलली."

"मग?"

"मग काय मग? म्हनून काय मले फाशी वाटू नये?"

आज सांगतो. त्या ओट्यासमोर उभं असताना, मंदाचं दारात बसणं आठवून, मलाही तेच वाटत होतं. अक्षरशः दोरासकट. आणि तरीही दुसऱ्या दिवशी कोर्टात जाऊन मी शिक्षेच्या पायऱ्याच मागितल्या असत्या, आणि मागतोच आहे. दोन्ही एका माणसात कसं मावतं हे तुम्हाला विचारायचं होतं. तुमच्यात ते माझ्याआधीपासून मावत होतं.

गेल्या महिन्यात तुम्ही दवाखान्यात होतात. दुपारची वेळ, कमल औषधं आणायला गेलेली. तुम्ही डोळे मिटून पडला होतात. मला वाटलं झोपलात. तेवढ्यात म्हणालात, "त्या दिवशी व्हरांड्यातून त्याले आत नेताना मी पाह्यलं होतं. मंदीच्या भाऊजीले. मिशीवर हात फिरवत गेला आतमंदी. तिचं बोलनं झालं अन् बाहेर आनला, त हात कुठी ठेवावा हे त्याले समजे ना. कधी खिशात घाले, कधी मागं बांधे. अजून शिक्षा झालीच नव्हती. तिनं सारं सांगितलं अन् त्याले उभं राहून ऐका लागलं, एवढंच झालं होतं."

श्वास घेतलात.

"ते कोनत्या कलमात बसते, जवाईबापू?"

मी म्हणालो, "पाहून सांगतो."

आई, मी पाहतो आहे.